मयत धारकाचे पूर्ण नाव

नागपूर,
६ जुलै २०२४

तीर्थरूप मामा,
उर्वशीचा नमस्कार.

आई म्हणाली, "तुह्या मामाले फोन करून फायदा नाही. थो हं हं करते आन् फोन ठेवून देते." म्हणून पत्र लिहिते आहे. तुमचे कान गेल्याचा एवढाच फायदा की कुणाशी तरी पूर्ण वाक्यात बोलता येतं.

नोकरी लागली हे तुम्हाला कळलंच असेल. कोंढ्यात आईने घरोघरी पेढे वाटले. पुढचं तिने कुणाला सांगितलं नसेल, ते मी सांगते. मुंबईला चार आठवडे प्रशिक्षण झालं, आम्ही बावीस जण होतो. शेवटी कोणता विभाग हवा त्याचे तीन पर्याय लिहून मागितले. मी तिन्ही ठिकाणी एकच लिहिलं, संशोधन. म्हणजे कंपन्यांचे ताळेबंद वाचायचे आणि गुंतवणूकदारांचा पैसा कुठे लावावा हे सांगायचं. परीक्षेत माझा दुसरा नंबर होता. यादी लागली तेव्हा माझ्यापुढे लिहिलेलं होतं, नागपूर, ट्रान्समिशन. मी विचारायला गेले तर तिथल्या बाई कौतुकाने हसल्या. "तुम्ही भंडाऱ्याच्या ना? मुद्दाम घराजवळ दिलंय." उपकार केल्यासारखं त्यांना वाटत होतं, त्यामुळे भांडताही येईना.

ट्रान्समिशन म्हणजे काय ते सांगते. पैसे गुंतवलेला माणूस वारला की त्याची रक्कम वारसाच्या नावावर करायची. दिवसभर मेलेल्या माणसांचे कागद. आमच्या खोलीत तिघेच: साहेब यादोराव सर, अकरा वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली लाखनीची शालूताई, आणि भिंतीकडे तोंड करून मी. सहा महिने काढायचे, मग एक तर मुंबई नाहीतर राजीनामा, असं मी ठरवलं आहे.

गंमत अशी की या कंपनीचं नाव मला मामीमुळे कळलं. बी.कॉम.ला असताना सुट्टीत आंबागडला आले होते, तेव्हा मामीने कोंबड्यांच्या पैशातून महिना पाचशे टाकायचं ठरवलं आणि फॉर्म मी भरून दिला होता. मामी गेल्यावर ते काम तुम्ही लगेच उरकलंत ते बरं झालं. नाहीतर तुमचाही कागद माझ्याच टेबलावर आला असता.

काय करू ते लिहा. फक्त 'घराजवळ आहे ना' असं लिहू नका. ते सगळ्यांनी सांगून झालं आहे.

तुमची,
उर्वशी


आंबागड,
१९ जुलै २०२४

चि. उर्वशी,

भाचीच्या पाया मामाने पडायचं ही आपल्याकडची रीत, तेव्हा तुला आशीर्वाद लिहिणं बरोबर दिसत नाही. नमस्कार समज.

धानाची रोवणी चालू आहे. बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर पाऊस मिळत नाही. मोनू वरठीहून रविवारी मोटरसायकलने येतो, बांधीत उतरतो आणि सोमवारी पाठ धरून कारखान्यात जातो. सूनबाई डिंपल इथेच असते, माझं सगळं तीच बघते.

तुझी नोकरी मी गावात सांगितली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. 'ट्रान्समिशन' म्हटल्यावर केवळराम दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात. त्याच्या वावराजवळची डीपी जळून तेवीस दिवस झाले. म्हणे, "भाची ट्रान्समिशनात हाय, मंग आपल्याले लाईन काहून नाही?" मी समजावलं की हे विजेचं नाही, मेलेल्या माणसांचं आहे. तो विचार करून म्हणाला, "मंग तं काही घाई नाही." तेव्हापासून मला ऐकू येत नाही याचा तो फार फायदा घेतो. माझ्यासमोर लोकांना काहीतरी सांगतो आणि लोक हसतात.

'घराजवळ आहे ना' असं मी लिहिणार नाही. आवडत नसलेल्या जागी बसवलं की काय होतं ते मला थोडं माहीत आहे. रोवणी आटोपली की लिहीन.

एक विचारायचं होतं. तुझ्या ऑफिसात बाहेरून आलेलं टपाल कोण उघडतं?

श्रावण मामा


नागपूर,
२५ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामा,
नमस्कार.

केवळराममामांना सांगा की डीपीसाठी अर्ज दिला तर मी तो मृत्यूच्या दाखल्यासकट मंजूर करीन.

टपाल मी आणि शालूताई उघडतो. रोज गोणीभर येतं. तुम्हाला वाटेल मी कंटाळून गेले असेन, पण मला एक युक्ती सापडली आहे. आमचं काम मोजतात ते 'निकाली किती' यावर. मंजूर केलं तरी एक, चूक दाखवून परत पाठवलं तरी एकच. मंजूर करायला पाऊण तास लागतो. सगळे कागद वाचा, सह्या जुळवा, बँकेचं तपासा. परत पाठवायला दोन मिनिटं पुरतात. पहिल्या पानावर नऊ चौकोन आहेत. त्यातला एक जरी चुकला तरी दुसरं पान उलटायची गरज नाही. बटण दाबलं की 'आपला अर्ज त्रुटीमुळे परत करण्यात येत आहे' असं छापील पत्र आपोआप जातं. शालूताई दिवसाला अठरा करते, माझे चाळीस होतात. यादोराव सर परवा माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "पोरगी चांगलीच सुटली हो." हुशार माणसाला कारकुनी दिली की तो एवढंच करू शकतो, लवकर संपवतो.

लोक काय काय लिहितात ते सांगितलं तर तुम्हालाही हसू येईल. 'मयत धारकाचे पूर्ण नाव' असा पहिलाच चौकोन आहे. गेल्या आठवड्यात एका गृहस्थाने तिथे लिहिलं होतं, 'घरवाली'. बस, एवढंच. बाकी अक्षर कसं सुरेख. मी शालूताईला वाचून दाखवलं, तीही हसली. दीड मिनिटात परत पाठवलं. माझा आतापर्यंतचा तो विक्रम आहे.

रोवणी झाली असेल. आता तुमची गोष्ट लिहा.

उर्वशी


आंबागड,
२० सप्टेंबर २०२४

चि. उर्वशी,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला. कामं होती असं लिहिलं असतं, पण नव्हती.

त्या घरवालीवाल्याचं मलाही हसू आलं. थोडं आलं. त्याला वाटलं असेल, वाचणाऱ्याला कळेल.

गोष्ट सांगायची कबूल केली होती, ती सांगतो. लग्न होऊन माझं एक वर्ष झालं होतं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावात नाटक बसवायचं ठरलं. मला नायक व्हायचं होतं. आवाज होता, उंची होती, सगळी वही तोंडपाठ होती. तालमीच्या पहिल्या दिवशी भय्याजी, म्हणजे नाटक बसवणारे, म्हणाले, "श्रावण, तुह्यावाचून इथं कोनाले सरळ वाचता येत नाही. तू प्रॉम्प्टरात बस." आणि नायक केलं इश्वरला, ज्याला स्वतःच्या लग्नातला उखाणा आठवला नव्हता.

प्रॉम्प्टर म्हणजे स्टेजच्या पुढच्या कडेला खड्ड्यात बसून नटांना वाक्यं पुरवणारा. लोकांना त्याचं डोकंही दिसत नाही. चांगलं वाचता येतं म्हणून खड्ड्यात, याचा मला फार राग होता. तुला घराजवळ टाकलं तसंच झालं हे.

नाटकाच्या दिवशी इश्वर दुसऱ्या अंकात अडला. माझ्याकडे बघायला लागला. वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी दिलं नाही, पानं उलटत बसलो. तो तसाच उभा राहिला, हात वर केलेला. गाव हसलं, आजूबाजूच्या चार गावांचे लोक हसले. त्याची म्हातारी समोरच बसली होती. मला वाटलं होतं मजा येईल, आणि आलीही. घरी येईपर्यंत टिकली.

घरी तुझी मामी माझं ताट वाढून बसली होती. ती हसणाऱ्यांत नव्हती. म्हणाली, "तुमाले सारं नाटक पाठ हाय. मंग थांबले काहून?"

मी पुढच्या वर्षी पुन्हा खड्ड्यात बसलो, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं बसलो. नायक मला कधीच मिळाला नाही हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे गोष्टीला गोड शेवट आहे असं तुला वाटायला नको.

श्रावण मामा


नागपूर,
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामा,
नमस्कार.

दिवाळीला कोंढ्याला घरी गेले होते. तिथून मंडईला आंबागडला यायचं मनात होतं, पण रजा दोनच दिवस मिळाली. रागावू नका.

तुमची गोष्ट मी दोनदा वाचली आणि मला पटली. नको त्या जागी बसवलं म्हणून काम अडवून धरायचं नाही. तुम्ही थांबलात ते चुकलंच. मी बघा, थांबत नाही. ऑक्टोबरात माझी सरासरी एकसष्ट झाली. नागपूरच काय, देशातल्या पाचही कार्यालयांत पहिली. मुंबईहून अभिनंदनाचा मेल आला. यादोराव सरांनी सांगितलं की अशीच राहिलीस तर एप्रिलमध्ये संशोधन विभागात जागा निघते आहे, तिथे तुझं नाव मी स्वतः पाठवतो. म्हणजे राजीनामा द्यायची वेळ येणार नाही. नको असलेल्या खोलीतून बाहेर पडायचं दार त्याच खोलीत असतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर जुलैत एवढी चिडचिड झाली नसती.

शालूताई अलीकडे कमी बोलते. अकरा वर्षांत तिला असा मेल आला नाही, तेव्हा साहजिक आहे.

तुमची पत्रं का आखडली? तब्येत बरी आहे ना?

उर्वशी


आंबागड,
८ डिसेंबर २०२४

चि. उर्वशी,
नमस्कार.

तब्येत बरी. धानाचा चुरणा चालू आहे, मळणीतून हात मोकळा नाही, म्हणून नुसतं कार्ड. एप्रिलचं वाचून आनंद झाला. डिंपलने तोंड गोड केलं.

मुंबईला जाण्याआधी एकच सांग. तू जे कागद परत पाठवलेस, त्यांतले पुन्हा किती आले?

श्रावण मामा


नागपूर,
१९ जानेवारी २०२५

मामा,

हे पत्र चार वेळा सुरू करून फाडलं.

तुमचं कार्ड आलं तेव्हा मला प्रश्नाचा रागच आला होता. मग वाटलं, आकडा काढून द्यावा, दोन मिनिटांचं तर काम आहे. कॉम्प्युटरला विचारलं. जुलैपासून मी परत पाठवलेले चार हजार एकशे बारा. त्यांतले दुरुस्त होऊन पुन्हा आलेले नऊशे सत्तर. बाकीच्यांचं काय झालं हे सांगणारा रकानाच नाही.

मी न आलेल्यांची यादी उघडली. पानं पुढे सरकवताना ऑगस्टमधला तो 'घरवाली'वाला फॉर्म दिसला. पुन्हा एकदा हसू म्हणून शालूताईला बोलावलं. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "दुसरं पान तं दाखव." मी दाखवलं.

श्रावण भुरे. मुक्काम पोस्ट आंबागड, तालुका तुमसर. मयताशी नाते, पती. मागे ग्रामपंचायतीचा दाखला, त्यावर मामीचं नाव. सगळे कागद बरोबर होते. आणि खाली 'परत करणारा' असं लिहून माझा नंबर.

तुमचं अक्षर मी किती वर्षं वाचते आहे. तुमचा शेपटी लांबवलेला 'ल' मला झोपेतही ओळखता येईल असं मी म्हणत असे. त्या दिवशी तुमचं जुलैचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. अक्षर सुरेख आहे एवढं मला दिसलं, कुणाचं आहे ते दिसलं नाही. आणि मग मी तुम्हालाच पत्र लिहून तुमच्यावर हसले, विक्रम म्हणून सांगितलं. तुम्ही उत्तरात लिहिलंत, मलाही थोडं हसू आलं.

मला लाज वाटते मामा. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

तुमची नाटकाची गोष्ट आता कळली. ती गोष्ट काम अडवण्याबद्दल नव्हती. इश्वर समोर उभा होता आणि तुम्ही पानं उलटत होतात, त्याबद्दल होती. मी तर पानही उलटलं नाही.

पण तुमच्यावरही राग आहे, तोही सांगते. ते काम दोन वर्षांपूर्वी केलं असं तुम्ही आम्हाला खोटं का सांगितलंत? फॉर्म पाठवलात तर मला एका ओळीने कळवलं का नाही? आणि तीन-तीन दाखले व्यवस्थित जोडणाऱ्या माणसाने पहिल्या चौकोनात 'घरवाली' काहून लिहावं?

उर्वशी


आंबागड,
३ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वशी,
नमस्कार.

तू रडली असशील. पत्रात नाही लिहिलंस, पण दुसऱ्या पानावर शाई पसरली आहे. तेवढं पुरे, आता आणखी नको.

एकेका प्रश्नाचं उत्तर देतो. खोटं सांगितलं, कारण तुझी आई दर आठ दिवसांनी मोनूच्या फोनवर विचारायची. झालं म्हटलं की विषय मिटला.

कळवलं नाही, कारण मला वाटलं गरजच नाही. तू लिहिलं होतंस, नाहीतर तुमचाही कागद माझ्याच टेबलावर आला असता. मी म्हटलं, हे बरं झालं. तिथे दुसरं कोण आहे? उर्वशी आहे. ती पाकीट उघडणार, माझं अक्षर बघणार. मी तो फॉर्म भरलाच नाही ग, तुला पत्र लिहिलं. 'घरवाली' लिहिलं की तुला कळणार होतं कोणाची ते. मला काय ठाऊक, तुझ्याकडे अशी रोज गोणी येते.

आता राहिलं नाव. आम्ही सदतीस वर्षं संसार केला. ती माझं नाव घेत नव्हती, ते सगळ्याच बायका घेत नाहीत. मीही तिचं कधी घेतलं नाही. आधी घरात माणसं होती म्हणून लाज वाटायची, पुढे सवय झाली. 'अवो' म्हणायचो, मग मोनूची माय. लग्नात तिने उखाणा घेतला, माझी पाळी आली तेव्हा मी मांडवातून पळून गेलो होतो. खड्ड्यात बसून शंभर राण्यांची नावं मी लोकांच्या तोंडात दिली असतील. घरातल्या बाईचं एकदाही माझ्या तोंडात आलं नाही. कागदावर लिहायचीही वेळ आली नाही, रेशन कार्डही मोनूनेच भरलं.

ती गेल्यावर तुमच्या कंपनीचा फॉर्म आला. पहिलाच चौकोन, मयत धारकाचे पूर्ण नाव. 'दावेदाराने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे' असं खाली बारीक अक्षरात. पेन घेऊन बसलो. जन्मात पहिल्यांदा तिचं नाव लिहायचं, आणि ते 'मयत' या शब्दापुढे? मला नाही जमलं. दोन वर्षं तो कागद पेटीत ठेवला.

पैशांचं मला काही नाही. तिने कोंबड्या राखून जमवले, ते सरकारजमा झाल्यासारखे पडून राहू नयेत एवढंच वाटतं. डिंपलला शिलाई मशीन घ्यायचं तिच्या मनात होतं.

तू एप्रिलमध्ये मुंबईला जा. माझ्या कागदासाठी थांबू नकोस.

श्रावण मामा


नागपूर,
२ मार्च २०२५

तीर्थरूप मामा,
उर्वशीचा नमस्कार.

सोबत कोरा फॉर्म पाठवते आहे. तुम्ही माझे मामा आहात हे मी ऑफिसात लिहून दिलं. नियम असा की नातलगाच्या कागदाला आता मी हात लावू शकत नाही. पाकिटावर शालूताईचं नाव घाला. तिने स्वतःहून सांगितलं आहे की तुमचा कागद ती बघेल. आणि ती माझ्यावर जळत नव्हती. ती रोज संध्याकाळी माझे परत पाठवलेले काही कागद काढून त्या लोकांना फोन करत होती, माझी सरासरी बिघडू नये म्हणून बोलली नाही.

मुंबईचं सांगते. यादोराव सरांकडे जाऊन मी तो आकडा ठेवला. ते म्हणाले, "हे तं सगळ्यांनाच माहीत हाय. तू कायले उकरून काढतेस?" मी म्हटलं, परत पाठवण्याआधी दुसरं पान बघेन आणि एक फोन करीन, एवढी परवानगी द्या. ते म्हणाले, "कर. पन मोजणी तीच राहील." मोजणी तीच राहिली. एकसष्टचे तेवीस झाले आणि एप्रिलच्या यादीतून माझं नाव गेलं.

मी फार थोर काही केलं असं समजू नका. ज्या दिवशी नाव गेलं त्या दिवशी मी जेवले नाही. मला अजूनही संशोधनातच जायचं आहे. पुढची जागा ऑक्टोबरात निघेल, तेव्हा काय काय लागेल ते मी सरांकडून या वेळी लेखी घेतलं आहे. तोंडी 'नाव पाठवतो'वर आता विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी ताळेबंद वाचते, परीक्षेचा फॉर्मही भरला आहे.

पण फोन करायला लागल्यापासून कंटाळा तेवढा येत नाही, हेही खरं. कुहीकडच्या एका माणसाने मृत्यूची तारीख कोरी सोडली होती. विचारलं तर म्हणाला, "बाप सूर्य निघायच्या आंधी गेला का मागून, यावर आमच्या घरी दोन पार्ट्या हायेत. तुमीच ठरवा." आधी हा कागद मी दीड मिनिटात परत केला असता.

आता तुमच्या चौकोनाबद्दल. तो मला बदलता येत नाही, सगळ्या देशासाठी एकच छापलेला आहे. पण मला एक सुचतं. पहिल्यांदा तिथे लिहू नका. आधी दुसरीकडे कुठेतरी लिहा, जिथे पुढे-मागे 'मयत' नसेल. मग फॉर्मवर लिहा.

मामीच्या खात्यावर तिची २०१९ ची सही आहे. कागदाला हात लावायची बंदी व्हायच्या आधी मी ती पाहिली होती. तिला सही मीच शिकवली होती त्या सुट्टीत, चुलीजवळ बसून. 'रु' एवढा मोठा काढला आहे की बाकीची अक्षरं दाटीवाटीने उभी आहेत, आणि 'णी' चौकोनाच्या बाहेर गेली आहे. कंपनीने ती तशीच मान्य केली. ती सही तुम्हाला पाठवता येत नाही, सांगता येते. मी खड्ड्यात बसून सांगते आहे असं समजा.

उर्वशी


आंबागड,
२० मार्च २०२५

चि. उर्वशी,
नमस्कार.

फॉर्म आजच तुमसरहून रजिस्टरने शालूबाईंच्या नावे टाकला. त्यांना माझा नमस्कार सांग.

तू म्हणालीस दुसरीकडे कुठेतरी लिहा. घरभर बघितलं, जागा पटेना. कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, भिंतीवर लिहायचं वय गेलं. मग पेटीतून नाटकाची जुनी वही काढली. तू ती पाहिली नसशील. पानाच्या डाव्या बाजूला बोलणाऱ्याचं नाव असतं, दोन टिंबं, आणि पुढे त्याचं वाक्य. शेवटची चार पानं कोरी होती.

डाव्या बाजूला तिचं नाव लिहिलं. 'रु' मोठा काढला, तू सांगितलास तसा. दोन टिंबं दिली. आता पुढे वाक्य पाहिजे, नुसतं नाव लिहून प्रॉम्प्टरचं भागत नाही. लिहिलं: "तुमाले सारं नाटक पाठ हाय. मंग थांबले काहून?"

वही समोर आली की वाचायची, ही एकोणीस वर्षांची सवय. मी वाचलं. आधी नाव, मग वाक्य. प्रॉम्प्टरने हळू वाचायचं असतं आणि माझ्या अंदाजाने मी हळूच वाचलं. मला काही ऐकू आलं नाही, ते नेहमीचंच.

डिंपल घरामागच्या सांदवाडीतून हातातला झाडू घेऊन पळत आली. मागून केवळरामची सून, तिच्या मागे स्वतः केवळराम. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. केवळराम या वेळी हसत नव्हता. डिंपलचे ओठ मला वाचता येतात. ती विचारत होती, "मामाजी, कोनाले आवाज देऊन राहिले?"

मोनूच्या मायला, असं म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, आता कायले थांबायचं. नाव घेऊन सांगितलं. रुखमिणीले.

तेव्हा फॉर्मवर आहे ते पहिलं नाही. चौथं आहे.

तुझा,
श्रावण मामा